मामांवर बसवलेली दंडार

रचना साखरे गोंदियाला माझ्याकडे वरच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिला पोचवायला तिचे मामा आले होते. बकाराम शहारे त्यांचं नाव. राहणारे नवेगाव बांधचे, वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. खोली पाहण्याआधी त्यांनी जिन्याचा कठडा हलवून पाहिला, खिडक्यांच्या कड्या लावून पाहिल्या आणि मग भाची इथे राहील असं मला सांगितलं. चहा घेताना ते खुर्चीला टेकले नाहीत. गुडघे जुळवून, दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवून, हनुवटी वर करून बसले. वरिष्ठ अधिकारी बोलत असावा तसं माझं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. पुढे लक्षात आलं, ते सगळ्यांसमोर तसेच बसत.

रचनाचे वडील ती लहान असतानाच वारले. आई चिचगडला थोडी शेती करते आणि हंगामात मोहफुलं वेचते. पाचवीत असताना मामा रचनाला नवेगावला घेऊन आले, कारण चिचगडला राहिली तर शाळा सुटेल असं त्यांना वाटलं. त्यांना आणि त्यांच्या बायकोला, लीलाबाईंना, मूल नव्हतं. बारावीनंतर तिने कॉम्प्युटर शिकायचं म्हटलं तेव्हा लीलाबाईंच्या माहेरचे लोक हसले. मामांनी वाद घातला नाही. नागपूरला जाऊन लॅपटॉप घेऊन आले आणि घरी येईपर्यंत तो मांडीवरून खाली ठेवला नाही, असं रचना सांगायची.

गोंदियाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना तिने विद्यार्थ्यांचं सायबर सुरक्षा मंडळ सुरू केलं. मुलं त्याला नुसतं क्लब म्हणत. सुरुवातीला चारपाच जण होते. इंद्रकुमार टेंभरे सरांनी शनिवारी लॅबची किल्ली द्यायचं कबूल केलं, एवढाच आधार. ही मुलं संगणकात कुणीतरी लपवून ठेवलेली खूण शोधण्याच्या स्पर्धा खेळत. बाहेरच्या मोठ्या कॉलेजांविरुद्ध खेळून बहुतेक वेळा हरत. मग रचनाने मदतीसाठी एक फोन नंबर ठेवला आणि तो कॉलेजच्या फलकावर लावला. कुणाचं खातं कुणी बळकावलेलं, कुणाला वीज कापण्याचा खोटा मेसेज आलेला, एखाद्या मुलीचा फोटो बिघडवून कुणी धमकावत असलेलं. तो फोन रचनाकडे असे. पोळ्या लाटता लाटता ती तो उचलायची. "काकाजी, आधी त्याचा फोन ठेवून द्या. मग मले सांगा," हे वाक्य मला जिन्यातून कितीतरी वेळा ऐकू आलं.

तिच्या शेवटच्या वर्षी सप्टेंबरात, पाऊस ओसरत आला असताना, मामा सकाळच्या पहिल्या एसटीने गोंदियाला आले. माझ्याशी काही न बोलता वर गेले. नेहमी पायरीशी थांबून नमस्कार करणारा माणूस तसा गेला म्हणून मी मागोमाग पाणी घेऊन गेले. ते खाटेच्या कडेला तसेच ताठ बसले होते. रचना जमिनीवर बसून त्यांचं बोलणं लिहून घेत होती.

झालं होतं ते असं. त्यांना एक फोन आला. पडद्यावर पोलिसाच्या गणवेशातला माणूस. तुमच्या आधार क्रमांकावर परदेशात एक पार्सल निघालं आहे, त्यात वाघाचं कातडं सापडलं, असं त्याने सांगितलं. सोनं किंवा अफू म्हटलं असतं तर मामा कदाचित हसले असते. पण जन्मभर ज्याने नवेगावचं जंगल राखलं, त्याच्या नावावर वाघाचं कातडं. चौकशी पूर्ण होईपर्यंत तुम्ही अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगितलं तर तेही आरोपी होतील, असा हुकूम आला. लीलाबाईंना त्यांनी खात्याची चौकशी आहे एवढंच सांगितलं. मागच्या खोलीत जुना खाकी शर्ट घालून ते फोनसमोर बसले. साहेबाने हाक मारली की उभं राहून "हजर साहेब" म्हणायचं. लघवीला जायचं तरी करंगळी वर करून परवानगी मागायची. दोन दिवस असे गेले. निवृत्तीचे पैसे त्या लोकांनी सांगितलेल्या खात्यात गेले आणि मग पडदा काळा झाला.

करंगळीचं त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं. तक्रारीत सगळं यायला हवं म्हणून रचना खोदून विचारत होती, आणि मामांनी आजवर तिच्यापासून काही लपवलं नव्हतं.

त्या दिवशी क्लबच्या मुलांनी मात्र कमाल केली. सरकारी हेल्पलाइन, सायबर पोलीस, बँक, सगळीकडे एकाच वेळी धावले. पैशांचा थोडा भाग वाटेतल्या एका खात्यात अडकवता आला. बाकीचे गेले ते गेले. क्लबने हाताळलेलं ते पहिलं मोठं प्रकरण. मामा जायला निघाले तेव्हा दारात थांबून रचनाला म्हणाले, "तुह्या मंडळाले हे सांगून दे. लोकायले समजलं पायजे. माह्यं नाव तेवढं नोको घेऊ."

तिने मान हलवली, आणि तिला ते खरोखर पाळायचं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोक तिला काय काय म्हणाले.

दिवाळी जवळ आली. टेंभरे सरांनी गावोगाव व्याख्यानं ठेवली होती. ग्रामपंचायतीच्या सभागृहात सरपंच, शिपाई आणि चारदोन म्हातारे जमत. त्यावर भुपेंद्र कटरेने तोड काढली. भुपेंद्र बिरसीचा, क्लबमधला सर्वांत बडबड्या मुलगा, त्याचे आजोबा दंडारीत, म्हणजे आपल्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, नाचलेले. दिवाळीनंतर आपल्याकडे प्रत्येक गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई, सोयरे, आसपासची सगळी गावं तिथे लोटतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. "भाषण कोन ऐकते सर," भुपेंद्र म्हणाला, "दंडारले मात्र पाय ठेवाले जागा नाही भेटत."

सरांना ते पटलं. लिहायचं काम रचनाकडे आलं. तिने वनरक्षकाचा गुरुजी केला, वाघाच्या कातड्याचं सोनं केलं, माणसाचं नाव दुधराम ठेवलं आणि गाव कुठलं ते सांगितलंच नाही. तालीम माझ्या अंगणात होई. ढोलकी होती, टाळ होते, पोलीस झालेला मुलगाही बरा होता. फक्त दुधराम जमत नव्हता. भुपेंद्र तोंड वेडंवाकडं करायचा, धडपडायचा, आणि कुणाला हसू येत नव्हतं. एका संध्याकाळी रचना वैतागून उठली. "असा नाही रे. हे पाहा," म्हणाली आणि स्टुलावर बसली. गुडघे जुळलेले, तळवे मांड्यांवर, हनुवटी वर. मग उठली, टाचा जुळवल्या, "हजर साहेब" म्हणाली आणि खालच्या मानेने करंगळी वर केली.

मुलं हसून हसून लोळली. ती स्वतःही हसली. तिच्या हसण्यात माया होती. ज्या माणसाला आपण रोज पाहिलं त्याची नक्कल करताना येते तशी. भुपेंद्रने ते सगळं एका बैठकीत उचलून घेतलं.

पहिल्या दोन मंडयांत दंडार गाजली. आणि मग नवेगाव भागातून बोलावणं आलं. रचनाने मामांना पाहुणे म्हणून बोलवायचं ठरवलं. त्यांच्या सांगण्यावरून एवढं मोठं काम उभं राहिलं हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं, एवढाच तिचा विचार. नाव बदललं, नोकरी बदलली, गाव काढून टाकलं, म्हणजे माणूस झाकला गेला, अशी तिची समजूत होती. ती कॉम्प्युटरची मुलगी. तिथे नाव आणि नंबर पुसला की ओळख पुसली जाते. आपल्याकडे माणसाला नावाने कोण ओळखतं? तो लांबून बांधावरून चालत येताना दिसला की त्याचं घराणं सांगणारे लोक आहेत.

त्या दिवशी मीही जीपमधून गेले होते. तळ्याच्या बाजूच्या मैदानात आकाशपाळणे, भांड्यांची आणि ओल्या शिंगाड्यांची दुकानं, भज्यांचा धूर. दुपारची वेळ. पहिल्या रांगेत मामांची खुर्ची. धुतलेला पांढरा शर्ट, खांद्यावर नुकतीच पांघरलेली शाल, मांडीवर नारळ. ते नेहमीसारखे बसले होते. आणि समोर, दहाबारा हातांवर, भुपेंद्र अगदी तसाच बसला.

सुरुवातीला लोक फक्त दंडारीला हसत होते. मग दुधराम उठून "हजर साहेब" म्हणाला तेव्हा आमच्या मागे बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "अगा, हा त आपला बकाराम होय." शेजाऱ्याने मान उंचावून पुढे पाहिलं. ती कुजबूज रांगेरांगेतून सरकताना मला ऐकू येत होती. करंगळी वर झाली तेव्हा हशाचा जो लोट उठला तो स्टेजकडे बघून कमी आणि पहिल्या रांगेकडे बघून जास्त होता. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. ओळखीचं माणूस स्टेजवर दिसलं याची ती गंमत होती.

मामा हलले नाहीत. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग रिवाजाप्रमाणे पाहुण्याने कलाकाराला बक्षीस द्यायचं असतं म्हणून उठले, खिशातली नोट काढून भुपेंद्रच्या हातात दिली. आणि आपल्याकडची रीत अशी की बक्षीस देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारायचं. पुकारणाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने लांबलचक सूर लावून सांगितलं, "दुधरामच्या भूमिकेवर खूश होऊन श्री. बकारामजी शहारे, नवेगाव बांध, यांच्याकडून सप्रेम बक्षीस."

ज्यांना तोवर कळलं नव्हतं त्यांनाही कळलं.

रचना स्टेजच्या बाजूला उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. परतताना जीपमध्ये मुलं गाणी म्हणत होती आणि ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने मामांना फोन केला. ते म्हणाले, लोक हसले तर हसू दे, पोरं चांगलं काम करून राहिली. आवाज अगदी नेहमीचा होता, असं तिने मला दोनदा सांगितलं.

नंतरचं लीलाबाईंकडून कळत गेलं. शाळेतून येणारी पोरं घरावरून जाताना "हजर साहेब" ओरडत. चहाच्या टपरीवर कुणीतरी करंगळी दाखवली, तेव्हापासून ते टपरीवर जात नाहीत. पौर्णिमेला विहारात वंदनेला पुढे बसायचे, ते मागे दाराजवळ बसू लागले, आणि पुढे जाणंच सोडलं.

रचनाने क्लबमध्ये विषय काढला. ते बसणं, ती करंगळी काढून टाका म्हणाली. मुलांनी ऐकलंही. एका गावात तसा प्रयोग केला. लोक गप्प बसून राहिले, मग एकेक करून पाळण्यांकडे निघून गेले. पुढच्या गावाने बोलावतानाच विचारलं, तो करंगळीवाला आहे ना? टेंभरे सर म्हणाले, "रचना, एका माणसाला थोडं वाईट वाटलं, पण हजार माणसं सावध झाली. तूच सांग." करंगळी परत आली. तिने होकार दिला हे ती नाकारत नाही.

क्लबचं ते वर्ष भरभराटीचं. मंडया संपेपर्यंत लॅब अपुरी पडू लागली. दुसऱ्या शाखांची मुलं येऊ लागली, भंडाऱ्याच्या दोन कॉलेजांनी आपल्याकडेही असं मंडळ काढायला मदत मागितली. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात दंडारीला पहिलं बक्षीस मिळालं. कॉलेजने क्लबला स्वतंत्र खोली दिली, दारावर पाटी लागली. लपवलेल्या खुणा शोधण्याच्या स्पर्धेतही मुलं पहिल्यांदा वरच्या काही संघांत आली. पेपरात फोटो छापून आला. त्यात रचना मधोमध उभी आहे आणि कॅमेऱ्याकडे बघत नाही.

मदतीचा फोन मात्र वाजेनासा झाला. आधी दिवसातून कितीदा वाजायचा, तो आठवड्यातून एकदा, मग तोही नाही. सरांनी वर्षाच्या अहवालात लिहिलं की जनजागृतीमुळे परिसरात फसवणुकीचं प्रमाण लक्षणीय घटलं. रचनाला ते वाचून बरं वाटलं. काहीतरी तर भलं झालं, असं ती म्हणाली.

मार्चमध्ये आमच्या गल्लीतली एक बाई किराणा घेता घेता मला बाजूला घेऊन म्हणाली की तिचे पैसे गेले, नोकरीच्या नावाखाली. मी म्हटलं, वर रचना आहे, चला, आत्ता बोलू. तिने माझा हात धरला. "नको हो ताई. उस लडकी को मत बताना. दंडारीत घालतील."

बाईचं नाव न सांगता मी ते रचनाला सांगितलं. सांगावं की नाही याचा विचार केला आणि सांगितलं. मग तिने आपल्या ओळखीच्या दोघातिघांना, बँकेतल्या एका कर्मचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, प्रकार काही कमी झालेले नाहीत, उलट वाढलेत. तुमच्याकडे कुणी येत नाही एवढंच. तिने हे सरांना सांगितलं. अहवाल वर गेलेला होता. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

एप्रिलमध्ये लीलाबाईंचा फोन आला. मामा रोज दुपारी उन्हात फोन घेऊन तळ्याच्या पाळीवर जातात, तासभर बोलतात, घरी आले की फोन उशाखाली ठेवतात. काय आहे ते सांगत नाहीत. रचना मिळेल त्या बसने गेली.

ते पाळीवरच सापडले, एका झाडाच्या सावलीत. तिथे काय बोलणं झालं ते तिने मला परतल्यावर सांगितलं. डिसेंबरपासून त्यांना फोन येत होते. यावेळी सायबर खात्याच्या नावाने. तुमचे गेलेले पैसे सापडले आहेत, सोडवायला आधी अमुक भरा, मग तमुक भरा. बोलणाऱ्याला पहिल्या फसवणुकीची बारीकसारीक माहिती होती, आणि असणारच. तेच लोक ते. मामांनी घराच्या छपरासाठी ठेवलेली रक्कम दिली, मग लीलाबाईंचे दागिने गहाण टाकले. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांना संशय आला होता. तरी ते देत राहिले, कारण थांबलो तर सगळं गेलं हे कबूल करावं लागलं असतं.

रचनाने विचारलं, मले काऊन नाही सांगतलं मामा? एक फोन केला असता.

ते पाण्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते, असं ती म्हणते. मग म्हणाले, "तुले सांगतलो असतो त यंदाच्या मंडईत दुसरा अंक झाला असता, बाई."

लहानपणापासून त्यांनी तिला कधी असं परक्यासारखं बाई म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन गोंदियाला आली. तक्रार द्यायला ते तयार नव्हते. लीलाबाई रडल्या तेव्हा निघाले. पोलीस ठाण्यात मी सोबत गेले होते. आत टेबलाशी एक तरुण हवालदार होता, शांत, समजूतदार. त्याने तिघांना खुर्च्या दिल्या. मामा बसले नाहीत. त्यांनी आधी रचनाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू भाईर बस."

हवालदार हिंदीत म्हणाला की भाची आहे, शिकलेली आहे, राहू द्या, मदतच होईल. मामांनी मान हलवली. "नाही साहेब. ते भाईरच बरी. मी सांगतो सारं, पन हिच्यासमोर नाही."

आम्ही दोघी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसलो. दार पुढे लोटलं गेलं. आतून त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. रचनाला ज्या गोष्टी विचारायच्या कशा हे ठाऊक होतं, त्या तो अनोळखी मुलगा विचारत असणार. खातं कुठलं, नंबर कुठला, पहिल्यांदा कधी, शेवटचं कधी. एकदा ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. पैसे या वेळी काहीच अडकवता आले नाहीत. खूप उशीर झाला होता.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाल्यावर रचनाने क्लब सोडला. टेंभरे सरांनी समजूत घातली. भुपेंद्र माझ्या अंगणात येऊन तिची माफी मागून गेला, यानंतर दुधरामचं काम करणार नाही म्हणाला. ते काम आता दुसरा मुलगा करतो. या वर्षी क्लबचे दोन संघ झाले आहेत, दोन बाजूंच्या मंडया वाटून घेतात.

रचना नवेगावला परत राहायला गेली. तालुक्याला एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करते आणि संध्याकाळी घरी येते. मध्यंतरी मी तिच्याकडे दोन दिवस राहून आले. मामा तिच्याशी बोलतात. धानाच्या रोवणीचं बोलतात, तळ्यातल्या पाण्याचं बोलतात, तिला गरम भाकर मिळाली की नाही ते लीलाबाईंना विचारतात. जेवताना त्यांचा फोन वाजला. ते ताटावरून उठले, चपला घालून अंगणाच्या टोकाला गेले आणि पाठ करून बोलत राहिले. रचनाचा हात थांबला. ते परत येऊन बसले तेव्हा तिने त्यांच्या ताटात भाजी वाढली. कुणाचा फोन, हे तिने विचारलं नाही.